टाच धुतलेलं पाणी

लीलाबाईच्या डाव्या टाचेला गोहलपुरापलीकडच्या वस्तीत जेवढा मान होता, तेवढा लीलाबाईला नव्हता. हे तिला ठाऊक होतं आणि त्याबद्दल आपली काही तक्रार नाही, असं ती म्हणायची. म्हणायला काय जातं!

लीलाबाई पायाळू होती. आईच्या पोटातून ती डोक्यानं आली नाही, पायांनी आली. अशा माणसाची टाच कमरेला तीनदा लागली की भरलेली उसण उतरते, हे भंडाऱ्याकडच्या तिच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि लग्न होऊन जबलपुरात आल्यावर कळलं की इथल्या हिंदी लोकांनाही ते माहीत आहे. सकाळी तोंड न धुता, कोणाशी न बोलता यायचं. उंबऱ्यावर पालथं पडायचं. लीलाबाई चौकटीला धरून डावा पाय उचलायची आणि टाच कमरेवर टेकवायची. एकदा, दोनदा, तीनदा. जोर नाही, लाथ नाही. टाच टेकली की दुखणं तिला कळायचं. कोणाचं टोचायचं, कोणाचं ओढायचं, कोणाचं नुसतंच थंड लागायचं. ते टाचेतून आत शिरायचं आणि घोट्यापाशी येऊन थांबायचं. मग ती परातीत पाय ठेवून लोटाभर पाण्यानं टाच धुवायची आणि ते पाणी रेल्वेलाइनपलीकडं, माणसाची वाट नाही अशा जागी, एका बाभळीच्या बुडाशी नेऊन टाकायची. टाकल्यावर मागं बघायचं नाही. एवढंच शास्त्र. बाकीचा दिवस ती हातांनी पोट भरायची. अडलीनडली बाळंतपणं करायची, बाळंतिणींना शेकायची, लेकरांना न्हाऊ घालायची, नेपियर टाउनातल्या दोन घरच्या बायकांच्या पाठी चोळायची.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चौदा वर्षं झाली होती. त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, मोतीरामनं, घरातले देव पिशवीत भरून ग्वारीघाटावर नेले आणि नर्मदेत सोडले. परत आल्यावर तो म्हणाला, "आता हे पायाळूचंही बंद कर." लीलाबाई म्हणाली, "देव सोडले. पाय कुठं सोडू?" मोतीराम कारखान्यात दिवसभर लोखंड उचलणारा माणूस. महिनाभरानं त्याचीच कंबर धरली तेव्हा तो गुपचूप उंबऱ्यावर येऊन पडला. आता तो जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्याच कारखान्यात मुलगा मुरलीधर लागला होता. मुरलीधर शिकलेला. सकाळी दारात पाठी पडलेल्या दिसल्या की तो सायकल मागच्या बाजूनं काढायचा.

सून हेमलता जबलपुरातच जन्मलेली, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची. पोरगी कामाची, काटकसरीची, आणि आता आठवा महिना लागलेली. चैत्र संपत आला तेव्हा एका सकाळी लीलाबाईनं तिला चटईवर निजवलं, तळहाताला जवसाचं तेल लावलं आणि पोटावर हात फिरवला. डावीकडं, बरगडीच्या खाली, टणक गोल हाताला लागलं. डोकं. खाली ओटीपोटाशी बारीक काहीतरी ढुसण्या देत होतं.

"काय झालं आई? चुप काहून झाल्या?"

"काई नाई. बसून आहे लेकरू. बुद्धासारखं मांडी घालून."

हेमलता हसली. लीलाबाई हसली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनंही तेच सांगितलं. उलटं आहे, अजून फिरेल, नाही फिरलं तर तारखेच्या आठ दिवस आधी दाखल व्हा. मुरलीधरनं तारीख कॅलेंडरवर लिहिली. पण शेजारच्या पार्वताबाईच्या कानावर ही बातमी गेली आणि तासाभरात सगळ्या वस्तीला आनंद झाला.

"बरं झालं बाप्पा!" पार्वताबाई दारातूनच ओरडली. "तुमची टाच आता म्हातारी झाली. घरातच दुसरी येऊन राहिली. आमची चिंता मिटली!"

लीलाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की पार्वताबाईला आपलं दूध चुलीवर असल्याचं आठवलं.

पायाळू असणं म्हणजे काय, हे लीलाबाईला कोणी विचारलं नव्हतं. ती चार वर्षांची असल्यापासून बाप तिला कडेवर घेऊन घरोघर फिरवायचा. अनोळखी पुरुषांच्या उघड्या, घामट पाठींवर तिला उभं करायचा. ती पेंगली तर कानशिलात मारून जागं करायचा. आभाळ कडाडलं की आया आपापली पोरं तिच्याजवळून ओढून नेत, कारण वीज पायाळूला शोधत येते. एकदा गुप्तधन शोधणाऱ्या दोघांनी तिच्या डोळ्यांत कसलं अंजन घातलं आणि तिला पडक्या विहिरीत सोडलं. दोन दिवस तिला दिसत नव्हतं. तिच्याशी कोणी लगोरी खेळलं नाही. तिला लेकरू म्हणून कोणी उचललंच नाही, सगळ्यांनी टाच म्हणून उचललं. आपल्या नातवंडाच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या मनात होतं, आणि त्यासाठी तिच्याजवळ दोन हात होते.

दुसऱ्या दिवशीपासून ती कामाला लागली. रोज दुपारी हेमलताच्या कमरेखाली उशी द्यायची, पोट सैल होईस्तोवर तेल जिरवायचं, मग एक हात डोक्यामागं, एक हात ढुंगणाखाली, आणि लेकराचीच मर्जी सांभाळत अर्ध्या अर्ध्या बोटानं सरकवायचं. ओढायचं नाही, रेटायचं नाही. अर्ध्या तासात लेकरू अलगद फिरायचं आणि डोकं खाली यायचं. लीलाबाई घाम पुसायची. सकाळी पुन्हा हात लावला की डोकं बरगडीखाली. असं चार वेळा झालं.

फिरलेलं लेकरू परत उलटं होतं, हे तिनं पाहिलं होतं. पण इथं ते आपण होऊन फिरत नव्हतं. कोणीतरी धरून फिरवल्यासारखं, रोज त्याच जागी, बोटभरही इकडं तिकडं नाही.

नेपियर टाउनात पद्मजाबाईंच्या घरी ती मागच्या दारानं जायची. तिथं तिच्यासाठी तेलाची वेगळी वाटी होती, बसायला वेगळं पोतं. पद्मजाबाई बोलायला गोड. पाठ चोळून झाली की बंबातलं कढत पाणी घेऊन लगेच आंघोळीला जात. तेल काढायला जातात की हात काढायला, हा प्रश्न लीलाबाईला वीस वर्षांत सुटला नव्हता.

"ऐकलं मी," पालथ्या पडून पद्मजाबाई म्हणाल्या. "पायाळू येतंय म्हणे. चला, तुमच्या घरातला हुन्नर राहील. नाहीतर आजकाल कुठं मिळतात अशी माणसं!"

लीलाबाईचा अंगठा त्यांच्या खांद्याच्या फऱ्याखाली थांबला. मग तिनं तो जरा जास्तच दाबला. "आई गं!" पद्मजाबाई ओरडल्या. "गाठ आहे बाई," लीलाबाई म्हणाली.

वैशाख लागला आणि मुरलीधरची कंबर धरली. कारखान्यात काही जड उचललं नव्हतं. सकाळी जमिनीवरच्या अंथरुणातून उठायला गेला आणि अर्ध्यात अडकला. भिंत धरून, शिव्या देत, तो कसाबसा कामावर गेला आणि संध्याकाळी काळाठिक्कर पडून आला.

"टाच लावू?"

"नाई माय. आपण हे मानत नाई. हात चालते, पाय नाई."

"बरं बाप्पा, हात तर हात. पड पालथा."

तिनं मुलाच्या पाठीवर तेल सोडलं. ही पाठ तिची ओळखीची होती, सव्वा महिन्याची असल्यापासूनची. मणक्याच्या दोन्ही अंगांनी अंगठे खाली आणत ती उजव्या बाजूला आली आणि तिचे हात थांबले. दोन बोटं रुंद गाठ. दाबली की निसटते, खाली कुल्ल्यात उतरते, सोडली की परत वर येते. तिनं पुन्हा दाबली. निसटली, उतरली, वर आली.

ही गाठ भैयालालची होती.

भैयालाल तेंदूपत्त्याच्या गोदामातला हमाल. वीस वर्षं पाठीवर पोती वाहून त्याच्या कमरेत ही गाठ बसली होती आणि वीस वर्षं लीलाबाई ती टाचेनं उतरवत होती. फाल्गुनात आणि चैत्रात तो तीनदा येऊन गेला, आणि तिसऱ्यांदा गेल्यावर तिला रस्त्यात भेटला तेव्हा गाणं म्हणत चालला होता. "जिज्जी, इस बार तो जड़ से गई," म्हणाला. माणसाचा चेहरा विसरेल, दुखण्याचा ती विसरत नसे. भैयालालची गाठ तिच्या मुलाच्या कमरेत काय करत होती?

"हळू ना माय!"

"मुरली, तू भैयालालचं पोतं उचललं होतं काय कधी?"

"मी कशाला उचलू? काहून?"

"काई नाई."

तेलाचा हात तसाच घेऊन ती हेमलताजवळ गेली. हेमलता म्हणत होतीच की चार दिवस झाले, मांडीच्या मागं मुंग्या येतात. लीलाबाईनं मांडीमागची शीर चाचपली. ती पार्वताबाईची शीर होती, चैत्रात टाचेनं उतरवलेली. तीच मुंग्यांची वळवळ, त्याच गुडघ्यामागच्या खड्ड्यात संपणारी. मग तिनं भीत भीत पोटावर हात ठेवला. बरगडीखालचं गोल आणि त्याच्या मागं लेकराची मान. मानेभोवती काहीतरी घट्ट, थंड. पोटाची कातडी उन्हाळ्यानं तापलेली आणि खाली हे थंड. हेही तिला माहीत होतं. चैत्रात म्हातारा दयाराम आला होता, रेल्वेच्या फाटकावरचा. त्याच्या कमरेला टाच लावली तेव्हा असंच थंड लागलं होतं, घोट्यापर्यंत. त्याला बरं वाटलं म्हणून तो आशीर्वाद देत गेला, आणि चौथ्या दिवशी मेला.

तिनं हात काढून घेतला. "झोप पोरी," म्हणाली, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुरलीधर कामावर, हेमलता चारपाईवर पडलेली. बाहेर लू, उन्हाची कढत झळ, सुटली होती. भाजी निवडून झाल्यावर लीलाबाईनं उठायला म्हणून जमिनीवर हात टेकला आणि ती उठलीच नाही. तळहाताखाली सारवलेली जमीन ताणल्यासारखी वाटली. तिनं दुसरा हात टेकला. मग सवयीनंच, काय करतो आहोत हे कळायच्या आत, तिनं अंगठा दाबला.

जमीन दबली. माती दबते तशी नाही. पाठ दबते तशी, थोडी आत जाऊन, मग आतून विरोध करत. अंगठ्याखाली दोन बोटं रुंद काहीतरी निसटलं आणि चुलीच्या दिशेनं सरकलं.

लीलाबाई गुडघ्यांवर रांगत सगळ्या खोलीभर फिरली. मुरलीधर झोपायचा त्या जागी भैयालाल. चुलीपाशी पार्वताबाईची मुंग्यांची शीर. दाराशी कोणाकोणाची लचक, चमक, धरलेले खांदे, एकात एक गुंतलेले. ती नावं घेत होती, हे तिला उशिरा कळलं. आणि जिथं हेमलता वैशाख तापेस्तोवर झोपत होती, तिथं जमीन थंड होती.

"आई? काय शोधून राहिल्या?"

लीलाबाई गुडघ्यांवरच मागं वळली. "हेमा, टाचेचं पाणी तू कुठं टाकते वं?"

फाल्गुनात लीलाबाईचे गुडघे सुजले होते. तेव्हापासून बाभळीपर्यंत पाणी नेऊन टाकायचं काम तिनं सुनेला दिलं होतं. रोज सकाळी हेमलता परात उचलायची आणि घराच्या मागं जायची, हे ती पाहत होती. त्याच्या पुढं तिनं पाहिलं नव्हतं.

हेमलता उठून बसली. तिचा चेहरा शाळेत पकडलेल्या मुलीसारखा झाला. "बाभूळ कितनी दूर आहे आई. लाइन ओलांडाले लागते. अन् नळाले पाणी कुठं राह्यते? घर सारवाले पाणी नाई पुरत... मी ते शेणात टाकत होती. पानी ही तो है ना? साफच राह्यते."

लीलाबाईनं शिव्या द्यायला तोंड उघडलं. पोरगी पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. पाणी वाचवलं म्हणून शाबासकी मिळेल असं तिला कित्येक दिवस वाटत असणार. लीलाबाईनं तोंड मिटलं. ज्याचं शास्त्र त्यानंच पाळायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, एवढं तिला कळायला हवं होतं. अडीच महिने ते पाणी शेणात पडत होतं, आणि दर आठवड्याला तिची गर्भार सून, कंबर वाकवून, वस्तीभरची दुखणी आपल्या हातानं घराला सारवत होती.

"चूक माही आहे," ती म्हणाली. "तू आता खाली पाय नको ठेवू. चारपाईवरच राह्य."

मुरलीधर संध्याकाळी आला तेव्हा घरातली भांडी, पेट्या, बाबासाहेबांची तसबीर, सगळं अंगणात होतं, बायको पार्वताबाईच्या ओट्यावर बसली होती, आणि आई घरात कुदळ मारत होती.

"माय! हे काय करून राहिली?"

लीलाबाईनं सांगितलं. काही न वगळता सांगितलं. मुरलीधर चौकटीला धरून, वाकडा उभा राहून ऐकत होता. आता हा भाषण देणार म्हणून ती कुदळ टेकवून थांबली.

"मी मानत नाई," तो म्हणाला. "पण माय, जमिनीवर झोपलो का पाठीवर कोणी बसल्यासारखं वाटते. कारखान्यात कागदं पसरून झोपलो तर नाई वाटत."

त्यानं शर्ट काढला आणि कुदळ तिच्या हातातून घेतली. कमरेनं त्याला दर घावाला ओरडायला लावलं, पण त्यानं वीतभर माती सगळ्या खोलीची उकरली. लीलाबाई टोपल्या भरून लाइनीपलीकडं नेत होती. एक टोपली, मग दुसरी. माती मातीसारखी जड नव्हती. डोक्यावर घेतली की मान एका बाजूला ओढली जायची. दोन दिवस हेच चाललं. वस्तीतल्या बाया दारात उभ्या राहून पाहत होत्या आणि कोणी विचारत नव्हतं.

त्या बाभळीला लीलाबाई वीस वर्षं ओळखत होती. लाइनीकडेच्या सगळ्या बाभळींत तेवढी एकच कमरेतून वाकलेली. पहिली टोपली ओतायला गेली तेव्हा तिनं पाहिलं, बाभूळ उभी होती. पूर्ण सरळ नाही, पण आधीपेक्षा हातभर उंच, शेंड्याला नवा पाला. फाल्गुनापासून तिला पाणी मिळालं नव्हतं. लीलाबाई टोपली घेऊन क्षणभर थांबली. तिला त्या झाडाची दया आली. मग तिनं माती बुडाशी ओतली आणि मागं न बघता घराकडं निघाली. शेवटच्या टोपलीला पाला गळाला होता.

नवी माती कुटून, नळाच्या पाण्यानं सारवून, घर पुन्हा लागलं. लीलाबाईनं हेमलताच्या पोटाला हात लावला. थंड नव्हतं. तिनं लेकरू फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी डोकं खालीच होतं. तिसऱ्या दिवशीही. मुरलीधर सरळ चालायला लागला. कामावर जाताना तो आईच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या आठवड्यात लीलाबाई पोटभर जेवली.

पण दुखणी कुठं जाणार? बाभळीनं वीस वर्षं रोज थोडं थोडं खाल्लं, अडीच महिन्यांचं एकदम तिच्या पायाशी ओतल्यावर तिनं तरी काय करावं? तिला पचलं नाही ते ज्याचं त्याच्याकडं परतलं. पार्वताबाई लंगडायला लागली. दाराशी पाठी पडू लागल्या, आधीपेक्षा जास्त. आणि भैयालाल आला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, जमिनीकडं तोंड करून, खेकड्यासारखा. तेंदूपत्त्याचा ऐन हंगाम, रोज शेकडो पोती गोदामात उतरत होती आणि तो एक उचलू शकत नव्हता.

"जिज्जी, पाँव धर दो."

"नाई भैयालाल. लेकरू होईस्तोवर मी पाय टेकवणार नाई. कोणालेच नाई."

"घर में चूल्हा बंद है, जिज्जी."

"तेल लावून देतो. पाय नाई."

घराच्या मागच्या भिंतीला सावली असायची. तिथं तो भिंतीला पाठ लावून बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. न बोलता, न मागता. लीलाबाई त्याला भाकर नेऊन द्यायची आणि त्याच्या डोळ्यांकडं बघायचं टाळायची.

नवतपा लागला, वर्षातले सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस. त्याच्या सहाव्या दिवशी, तारखेला अजून तीन आठवडे असताना, भर दुपारी हेमलताच्या पोटात कळ आली आणि पाठोपाठ पाणी गेलं. मुरलीधर त्या दिवशी घरी होता. तो गाडी आणायला सायकलवर धावला. पार्वताबाईनं अंगणात पाणी तापत ठेवलं. लीलाबाईनं दार लावून घेतलं आणि पोटावर हात ठेवला.

डोकं बरगडीखाली होतं.

सकाळी ते खाली होतं. सकाळी तिनं आपल्या हातानं पाहिलं होतं. आता तिला कुठं थंड लागलं नाही, कोणाची गाठ लागली नाही. कोणाचंच दुखणं तिथं नव्हतं. लेकरू आपल्या मनानं फिरलं होतं.

"आई, गाडी आली?"

"येऊन राहिली. श्वास घे. जोर नको लावू."

पण जोर कोणाला विचारून येत नाही. तासाभरात लीलाबाईच्या तळहातावर एक टाच आली. डावी. बोराएवढी, निळसर, ओली. ती तिच्या हाताला टेकली, आखडली, पुन्हा टेकली. लीलाबाईचा हात खांद्यापर्यंत हलका झाला. बाळंतिणींना शेकून, पाठी चोळून तीस वर्षांचा जो ठणका तिच्या मनगटात होता, तो तिला नेहमीचा असल्यानं जाणवतही नसे. तो गेला तेव्हाच तिला कळलं की तो होता. तिला रडू आलं. आनंदानं नाही.

मग रडायला वेळ नव्हता. दुसरा पाय आला. तिनं ओढलं नाही. कंबर आली, नाळ सैल केली, एक हात, दुसरा हात. डोकं अडलं. हेमलता किंचाळली. लीलाबाईनं लेकराला आपल्या हातावर निजवलं, बोट तोंडापाशी नेऊन हनुवटी छातीकडं वळवली आणि अंग हळूहळू वर उचललं. "आता जोर लाव. आता! सगळा!"

मुलगी. निळी आणि गप्प. लीलाबाईनं तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, तळवे चोळले. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती रडली, आणि त्याच क्षणी मागच्या भिंतीबाहेर काहीतरी कडकन वाजलं.

हेमलता मान वर करून बघत होती. "आई... पाय आधी आले ना?"

"डोकं आलं."

"मले कळलं आई. पैर..."

"डोकं आधी आलं," लीलाबाई म्हणाली. "तुले तिथून काय दिसते? कोणी विचारलं तर काय सांगशील? नवऱ्यानं विचारलं तर काय सांगशील?"

हेमलतानं सासूकडं पाहिलं, मग तिच्या डाव्या टाचेकडं पाहिलं. "डोकं आधी आलं," ती म्हणाली.

नाळ कापून, लेकराला फडक्यात गुंडाळून लीलाबाईनं दार उघडलं. अंगणात पार्वताबाई आणि सात-आठ बाया उन्हात उभ्या होत्या.

"कसं आलं? सांगा ना वं, कसं आलं?"

"डोक्यानं."

बायांचे चेहरे उतरले. पार्वताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चला, लेकरू चांगलं आहे ना, झालं!" आणि तिच्यामागून, घराच्या कोपऱ्यावरून, भैयालाल आला.

तो सरळ चालत होता. वीस वर्षांत तो इतका उंच आहे हे लीलाबाईला माहीत नव्हतं. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, हातातलं काही सांडेल अशा बेतानं तो पावलं टाकत होता, आणि त्याच्या तोंडावर लहान मुलाचं आश्चर्य होतं. बाया लेकराकडं बघत होत्या. त्याच्याकडं अजून कोणाचं लक्ष नव्हतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं.

लीलाबाई बायांमधून वाट काढत त्याच्यासमोर गेली. लेकरू तिच्या छातीशी होतं.

"जिज्जी," तो पुटपुटला, "ये रोई, और मेरी..."

"झुक जा," लीलाबाई म्हणाली.

त्याला कळलं नाही.

"तुझ्या पाया पडतो भैयालाल. झुक जा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. फडक्यातून एक डावा पाय बाहेर आला होता, त्याच्याकडं पाहिलं. मागं कोणीतरी "अरे, भैयालाल!" म्हणून वळत होतं. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कमरेतून खाली वाकला. मोठ्यानं कण्हला. तसाच जमिनीकडं तोंड करून, खेकड्यासारखा, तो अंगण ओलांडून गल्लीत गेला.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. गोदामात पोती उचलायचा, ताठ चालायचा, आणि वस्तीचा नाका आला की वाकायचा. लेकरांना ती गंमत वाटायची. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, ती त्याच्यामागं रांगेनं चालायची. त्यांत सगळ्यांत पुढं, हसून हसून पडत, लीलाबाईची नात प्रतिमा असायची.